प्रकल्पाची फाईल आणि चुलीचा धूर

जानेवारी उजाडला की आमच्या वाचनालयात कॉलेजच्या मुलांची वर्दळ वाढते. तळोद्याच्या या सार्वजनिक वाचनालयात बसून मला पंचवीसेक वर्षे होत आली. मुले चपला काढायच्या आधी दारातूनच विचारतात, ‘‘चाचा, प्रोजेक्ट आहे का?’’ प्रोजेक्टसाठी पुस्तक आहे का, असे विचारणारा वर्षातून एखादाच. बाकीच्यांना हवा असतो तयार प्रोजेक्ट. आधी कोणीतरी लिहिलेला, एका रात्रीत उतरवून काढता येईल असा.

आणि लपवण्यात अर्थ नाही, एके काळी तो माझ्याकडे मिळत असे.

त्याचे असे झाले. सर्वोच्च न्यायालयाने आग्रह धरल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाने पर्यावरण हा विषय पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा केला. ही गोष्ट २००४ च्या आसपासची. प्रत्येकाने बाहेर जावे, आपल्या भागातले काहीतरी डोळ्यांनी पाहावे आणि त्याचा अहवाल लिहावा, असा त्यात एक भाग होता. हेतू चांगलाच होता. पण वर्गात मुले शंभर-सव्वाशे आणि शिकवणारा एक. तो कोणाला कुठे नेणार आणि कोणाचे काय वाचणार? मग वह्या मोजून घेतल्या जाऊ लागल्या. एका हुशार मुलाने केलेली फाईल वाचनालयात राहिली होती. ती मी टेबलाच्या खणात ठेवली. कोणी आले की काढून द्यायचो. शेजारी झेरॉक्सचे दुकान होतेच. गरिबाच्या पोराची अडचण भागते, एवढाच माझा विचार.

एकदा एक मुलगा आपली वही टेबलावर विसरून गेला. मी चाळून पाहिली. विषय होता, धरणांचे फायदे. सिंचन, वीज, मत्स्यव्यवसाय, पर्यटन, सगळे फाईलीतलेच, फाईलीतल्या चुकांसकट. मुलगा परत आला तेव्हा सहज विचारले, ‘‘गाव कोणतं तुझं?’’

‘‘आता वसाहत. आधीचं पाण्यात.’’

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली, ती सगळी आपल्याच अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. त्यातल्या अनेक कुटुंबांना तळोदा तालुक्यात वसवले. हा मुलगा त्यांच्यापैकी एक. मी म्हटले, ‘‘मग हे काय लिहिलंस?’’ तो म्हणाला, ‘‘चाचा, फाईलमध्ये हेच होतं.’’

धरणाचे फायदे नसतात असे मला म्हणायचे नाही. त्या मुलाने सगळे पाहून, तोलून फायदेच लिहिले असते तरी माझी तक्रार नव्हती. पण ज्या विषयावर साऱ्या वर्गात एकट्या त्यालाच स्वतःचे सांगण्यासारखे काही होते, त्या विषयावर त्याने दुसऱ्याचे उतरवले. आणि उतरवायला कागद मी दिला. ती फाईल मी त्याच आठवड्यात रद्दीत घातली. मुलाची वही मात्र जमा झाली होती.

हे सगळे आज सांगण्याचे कारण, आता नुसत्या वहीवर भागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले आणि पदवीचा सांगाडाच बदलला. तो पालकांनी समजून घ्यावा असा आहे. पदवी आता तीन वर्षांचीही आहे आणि चार वर्षांचीही. तीन वर्षांनी बाहेर पडले तर नेहमीची पदवी. चौथे वर्ष केले तर ऑनर्स. त्यातही दोन वाटा आहेत, एक साधा ऑनर्स आणि दुसरा संशोधनासह ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला ही दुसरी वाट घेता येते. तिच्यात विद्यार्थ्याने एका मार्गदर्शकाच्या हाताखाली स्वतः संशोधन करून प्रबंध लिहायचा असतो. त्याला १२ श्रेयांक, म्हणजे ज्याला मुले क्रेडिट म्हणतात ते. आपल्या राज्याच्या आराखड्यात सातव्या सत्रात ४ आणि आठव्यात ८ अशी त्यांची वाटणी आहे. प्रत्यक्ष कामाचा एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. बारांचे झाले ३६० तास. रोज दोन तास दिले तरी सहा महिने.

त्याच्या आधी दुसऱ्या वर्षाला छोटा क्षेत्र प्रकल्प असतो. तो दोन श्रेयांकांचा, म्हणजे साठ तासांचा. माझ्या मते ती चौथ्या वर्षाच्या प्रबंधाची रंगीत तालीम आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्या वर्षी प्रथम वर्षाला बसलेली मुले न थांबता पुढे गेली तर २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचतात. ती तेव्हा काय लिहितील, ते आज दुसऱ्या वर्षाच्या साठ तासांत काय करतात त्यावर ठरणार आहे.

आता कोणी म्हणेल, चाचा, तुम्ही स्वतः साधे बी.ए., तुम्हाला प्रबंधातले काय कळते? रास्त प्रश्न आहे. माझी कोणाच्या अहवालावर सही चालत नाही, चालूही नये. मी बी.ए. झालो तेव्हा जळगावचे विद्यापीठ नुकते, म्हणजे १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले होते. आम्ही प्रश्न पाठ केले, उत्तरे पाठ केली आणि पास झालो. तीन वर्षांत एकदाही कोणी विचारले नाही की बाबा, तुला स्वतःला काय जाणून घ्यायचे आहे. पण पुढे कविता लिहायला लागलो आणि एक गोष्ट उमगली. दुसऱ्याच्या अनुभवावर ओळ उभी राहत नाही. प्रबंधाचेही तेच असावे, अशी माझी समजूत आहे. आणि मुले मार्गदर्शक सरांकडे जाण्याआधी माझ्या टेबलाशी येतात, एवढाच माझा अधिकार.

अशीच एक मुलगी आली. धडगावकडच्या एका पाड्यावरची, दुसऱ्या वर्षाला, घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. तिला विषय मिळाला होता, ‘आदिवासींच्या स्थलांतराच्या समस्या : एक अभ्यास’. सोबत छापील प्रश्नावली. पन्नास कुटुंबांकडून भरून आणायची. तिने पन्नास अर्ज माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, ‘‘चाचा, आता यावर काय लिहू?’’ मी पाहिले. पन्नासही अर्जांवर शाई एक, अक्षर एक आणि उत्तरेही जवळपास एकच. मी काही बोललो नाही. तीच खाली मान घालून म्हणाली, ‘‘घरी बसून भरले. लोक आहेत कुठे विचारायला? सगळे ऊसतोडीला गेलेत.’’

मी तिला म्हटले, ‘‘तुझा प्रकल्प याच वाक्यात आहे. लोक आहेत कुठे, हाच तुझा प्रश्न.’’

आपल्या डोंगराळ भागात हे काही नवे नाही. दिवाळी झाली की मुकादम येतो. उचल आधीच घेतलेली असते. ट्रक किंवा ट्रॅक्टर पाड्याच्या खाली रस्त्याला लागतो आणि टोळी निघते. कोणी गुजरातेत, कोणी आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. हे सगळे त्या मुलीला माझ्याहून जास्त माहीत होते. तिचे स्वतःचे आईवडील गेलेले होते. पण प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती.

मग मी शहाणपणा केला. तिला म्हटले, ‘‘मोठा विषय सोड. आपल्या पाड्यापुरते बघ. दिवाळीनंतर किती घरांना कुलूप लागते, तेवढे मोज.’’ ती हसली. म्हणाली, ‘‘आमच्याकडे कुलूप कोण लावतं, चाचा? दाराला काटेरी फांदी टेकवली की झालं.’’

माझ्यासारख्या गावात राहणाऱ्याच्या डोक्यात बंद घर म्हणजे कुलूप. पाहा, मार्गदर्शक किती सहज चुकतो. मी म्हटले, ‘‘बरं, मग घर बंद आहे हे तुला लांबून कसं कळतं?’’ तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘सकाळी धूर निघत नाही.’’

आणि तिने धूर मोजला. पाड्यावर ३८ घरे. दर रविवारी सकाळी टेकाडावर उभी राहून किती घरांतून धूर निघतो ते वहीत लिहायची. शिकण्यासाठी ती तळोद्याला राहत होती. जे रविवार हुकले ते लहान भावाने मोजले, आणि कोणता रविवार कोणी मोजला तेही तिने लिहून ठेवले. दिवाळीत ३६ घरांतून धूर होता. डिसेंबरच्या मध्यावर तो १७ वर आला. आणि होळीला परत ३८. आमच्याकडे माणूस कुठेही असो, होळीला डोंगरात परततो. उचल फिटली नसली तरी परततो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. मी तिला म्हटले, ‘‘डिसेंबरात जिथे धूर होता त्या सतरा घरांत जाऊन फक्त एवढे विचार, चूल कोण पेटवते?’’ ती जाऊन आली. चार घरांत म्हातारी आजी. दोन घरांत कोणीच मोठे नाही. एकात अकरा वर्षांची मुलगी दोन धाकट्यांना करून घालत होती. आता तो छापील अर्ज आठवा. ‘कुटुंब स्थलांतरित आहे काय? होय / नाही.’ धूर पाहून गेलेला माणूस या घरासमोर ‘नाही’ लिहून पुढे जाईल. तिच्या वहीत मात्र तिसरा रकाना तयार झाला. चूल पेटते, पण कमावते हात घरात नाहीत.

संशोधन म्हणजे काय, हे मला कोणी विचारले तर मी हा तिसरा रकाना दाखवीन. बाहेरून आणलेल्या ‘होय-नाही’त जे मावत नाही ते सापडले की अभ्यास सुरू झाला.

या भागाचा अभ्यास बाहेरच्यांनी पूर्वीपासून केलेला आहे. ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग भिल्ल बोली आणि खानदेशी यांना दिलेला आहे. तो १९०७ साली निघाला. त्यांनी ठिकठिकाणच्या माणसांकडून नमुने मागवले. पहिला नमुना बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा, म्हणजे सगळीकडे तीच गोष्ट, आपापल्या बोलीत करून द्यायची. तुलनेसाठी ते सोयीचे होते. पण त्यांनी दुसराही नमुना मागितला होता, तिथलीच एखादी कथा किंवा कथन. मला वाटते आपल्या मुलांच्या प्रकल्पांत बहुतेकदा पहिलाच नमुना असतो. विषय सगळ्यांचा एक, फक्त गावाचे नाव बदललेले. दुसरा नमुना कोणी मागतच नाही.

शहाद्याचे कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. आदिवासींच्या दुःखावर बोलणारे वेगळे आणि ते दुःख भोगणारे वेगळे, ही खंत त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आहे. ज्यांचे जगणे त्यांनीच ते अभ्यासावे आणि लिहावे, अशी सोय चौथ्या वर्षाच्या प्रबंधाने पहिल्यांदाच पदवीच्या पातळीवर केली आहे. ती आपण फाईल उतरवण्यात घालवायची का, हा प्रश्न आहे.

मार्गदर्शकाने काय करावे, हे सांगण्याइतका मी मोठा नाही. पण टेबलाशी बसून जे कळले ते सांगतो. पहिली गोष्ट, प्रश्न लहान ठेवावा. नंदुरबारच्या मिरचीवर प्रबंध होणार नाही. पण मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका हाताची आग शमवायला काय लावतात, यावर होईल. नवापूरच्या कुक्कुटपालनावर होणार नाही. पण २००६ च्या बर्ड फ्लूनंतर एका गल्लीतल्या अंडी विकणाऱ्यांनी दुसरा कोणता धंदा धरला, यावर होईल. लहान प्रश्नाला उत्तर मिळते. मोठ्या प्रश्नाला नुसते भाषण मिळते.

दुसरी गोष्ट, ज्याला विचारायचे त्याची परवानगी घ्यावी. त्या मुलीने अकरा वर्षांच्या पोरीचे नाव वहीत लिहिले होते. मी ते खोडायला सांगितले. तिला राग आला, ‘‘खरं आहे ना ते?’’ खरे असले तरी उद्या कोणी ते वाचून त्या घराच्या दारात चौकशीला उभे राहील. आईबापाला त्यातून मदत मिळेल की त्रास होईल, हे आपल्या हातात नाही. प्रबंधाला घराचा क्रमांक पुरतो.

तिसरी गोष्ट भाषेची. तिच्या लिखाणात पावरीतले शब्द आपसूक आले होते. तिने ते घाबरून कंसात टाकले होते. मी कंस काढायला लावले. शाळेत असताना निबंधात मी ‘अब्बा’ लिहिले होते, तेव्हा त्यावर लाल रेघ मारून ‘वडील’ केले गेले. व्याकरणाने ती रेघ बरोबर असेलही. पण त्या निबंधातले माझे अब्बा तिथेच संपले, पुढे जे उरले ते कोणाचेही वडील होते. शब्दाचा अर्थ तळटीपेत द्यावा, पण शब्द राहू द्यावा. आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर हे नाव आहे, तिथे आजीच्या तोंडचा शब्द अशुद्ध कसा ठरेल?

चौथी गोष्ट उतरवण्याची. आयोगाचे २०१८ चे नियम कडक आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य सोडून दिले जाते. त्यापुढे पुन्हा लिहिणे, वर्षभर बंदी आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. आता तर उतरवायलाही नको, मोबाईलला विषय सांगितला की तो मिनिटात पंधरा पाने लिहून देतो. माझी फाईल त्यापुढे काहीच नव्हती. पण मोबाईलला एक जमत नाही. रविवारी सकाळी टेकाडावर उभे राहून धूर मोजणे त्याला जमत नाही. म्हणून मार्गदर्शकाने शेवटची पाने मागण्याऐवजी दर पंधरा दिवसांनी कच्ची वही मागावी. खाडाखोड केलेली, चहाचे डाग पडलेली वही. तिच्यात चोरी लपत नाही.

पदवीच्या मुलाच्या प्रबंधाने काय होणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. १९८९ मध्ये वेंडी कॉप या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधात मांडले की, चांगल्या पदवीधरांनी दोन वर्षे गरीब वस्तीतल्या शाळांत शिकवावे. त्यातून टीच फॉर अमेरिका ही संस्था निघाली आणि त्या धर्तीवर आपल्याकडे टीच फॉर इंडिया. तिचे पहिले शिक्षक २००९ मध्ये पुण्या-मुंबईच्या वर्गांत उभे राहिले. प्रत्येक प्रबंधातून संस्था निघत नाही, निघण्याची गरजही नाही. पण विशी-एकविशीतल्या पोरीचा प्रश्न क्षुल्लक समजू नये.

अडचणी आहेत, त्या झाकून उपयोग नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. इथले मूल पदवीपर्यंत पोहोचते तेच घरादाराची ओढाताण करून. त्याला आणखी एक वर्ष थांब म्हणणे सोपे नाही. चौथ्या वर्षाचा खर्च कोण करणार? शिवाय शिक्षकांच्या जागा रिकाम्या असतील तर मार्गदर्शन कोण करणार? ज्या सरांकडे चाळीस मुले, ते प्रत्येकाची कच्ची वही कधी वाचणार? मुलीचे सर भला माणूस आहेत. प्रश्नावली त्यांनी आळसाने दिली नव्हती, चाळिसांना पुरेल असे त्यांच्याकडे तेवढेच होते. आणि फायदाही सांगायला हवा. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के मिळवले तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येते, आदिवासी आणि इतर राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. धडगावच्या पोरीसाठी हे दार उघडले आहे, पण दारापर्यंतचा खर्च तिचा तिलाच करायचा आहे.

तिच्या अहवालाची चौदा पाने झाली. गुण बेताचेच मिळाले, कारण ठरलेल्या नमुन्यातली काही प्रकरणे त्यात नव्हती. तोंडी परीक्षेत मात्र एका सरांनी विचारले, धूरच का मोजला? त्यावर ती दहा मिनिटे बोलली, असे तिनेच येऊन सांगितले. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी.

मध्यंतरी ती परत आली. चपला काढल्या, आत आली आणि म्हणाली, ‘‘चाचा, जनगणनेचं पुस्तक आहे का? जिल्ह्याचं?’’ मी कपाटातून जिल्हा जनगणना पुस्तिका काढून दिली. तिने आपल्या गावाची ओळ शोधली, घरे आणि माणसे वहीत उतरवून घेतली. मग विचारले, ‘‘हे मोजलं कधी?’’ मी सांगितले, २०११ मध्ये, ९ ते २८ फेब्रुवारी. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. तिने बोटांवर हिशेब केला आणि पुस्तिकेकडे पाहत राहिली.

‘‘म्हणजे धूर सतरा घरांतून असतो तेव्हा,’’ ती म्हणाली. ‘‘मग बाकीच्यांना कुठे मोजलं? मोजलं तरी का?’’

मला उत्तर माहीत नव्हते. नियमाप्रमाणे जो माणूस त्या सगळ्या दिवसांत घरी नसतो, त्याला तो जिथे असेल तिथे मोजायचे असते. उसाच्या फडात, पालात, कोणी गेले होते का मोजायला, हे मी कसे सांगू? मी तिला एवढेच सांगितले की, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. म्हणजे पुन्हा तोच ऊसतोडीचा हंगाम.

चौथे वर्ष करणार की नाही, हे तिचे अजून ठरलेले नाही. आई म्हणते बी.एड. कर, वडील म्हणतात उचल फिटू दे मग बघू. पण तिच्याकडे आता प्रश्न आहे आणि तो तिचा स्वतःचा आहे. त्याला ३६० तास द्यायला ती तयार आहे. तिची कच्ची वही वाचणारा मार्गदर्शक तिला मिळावा, एवढेच आता बाकी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)